मला ते पान दिसत नाही

एखाद्या संस्थेत माहितीचा सामायिक साठा उभा राहिला, की थोड्याच दिवसांत आयटी विभागाकडे एक तक्रार यायला लागते : "मला ते पान दिसत नाही." साठा कॉन्फ्लुएन्सवर असो, शेअरपॉइंटवर असो की मीडियाविकीवर, वाक्य तेच असतं. त्यावर मिळणारं उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं : "थांबा, ॲक्सेस देतो." दोन क्लिक होतात, पान उघडतं, तिकीट बंद होतं. हे प्रकरण या उत्तराच्या विरोधात लिहिलं आहे. ॲक्सेस देणं ही दुरुस्तीची शेवटची पायरी आहे. त्याआधी 'नाही' म्हणालं कोण, आणि ते योग्य म्हणालं की चुकून, हे शोधावं लागतं. हा शोध न घेता दिलेली प्रत्येक परवानगी साठ्यात मुक्कामाला राहते, आणि ती काढून घ्या असं सांगायला पुढे कुणी येत नाही.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक लेख लिहिला. मल्टिक्स नावाच्या प्रणालीवर एमआयटीत जे काम झालं होतं, त्या अनुभवातून तो आला होता. फाइल कोण वाचेल आणि कोण बदलेल याची नावनिशीवार यादी प्रत्येक फाइलला जोडण्याची पद्धत मल्टिक्समध्ये रुळली होती. सॉल्टझर-श्रोडर यांनी त्या लेखात आठ तत्त्वं मांडली. त्यांतलं एक असं : मुभा स्पष्टपणे दिलेली नसेल, तर उत्तर 'नाही' असलं पाहिजे. त्यामागचा त्यांचा विचार मला आजही या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परवानग्या लावताना चुका होणारच. पण चुकून नकार दिला गेला तर ते लगेच कळतं, कारण अडलेला माणूस बोलतो. चुकून मुभा दिली गेली तर ती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते, कारण ज्याला गरजेपेक्षा जास्त दिसतं त्याचं काम कुठेच अडत नाही. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी ही चुकांची फक्त एक बाजू असते. दुसरी बाजू मुकी असते.

या दोन्ही बाजूंची किंमत अमेरिकेने एका दशकात मोजली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४च्या अहवालात गुप्तचर संस्थांवर ठपका ठेवला, की माहिती होती, पण ती ज्याच्या-त्याच्या कप्प्यात अडकून पडली होती. 'गरज असेल त्यालाच कळू द्या' ही जुनी सवय सोडा, माहिती एकमेकांना द्या, असा त्या अहवालाचा रोख होता. साठे एकमेकांना जोडले गेले. २०१० साली परराष्ट्र खात्याच्या अडीच लाखांहून अधिक तारा, म्हणजे राजनैतिक संदेश, विकिलीक्सच्या हाती लागल्या. त्या मिळवण्यासाठी कुणाला बाहेरून घुसावं लागलं नव्हतं. इराकमध्ये विश्लेषक म्हणून काम करणाऱ्या चेल्सी मॅनिंगला एका लष्करी नेटवर्कचा रीतसर प्रवेश होता, आणि त्या नेटवर्कवरून परराष्ट्र खात्याचा साठा उघडत होता. बातमी फुटल्यावर परराष्ट्र खात्याने आपला साठा त्या नेटवर्कपासून तोडला. मॅनिंगने केलं ते बरोबर की चूक, यावर लोक अजून भांडतात आणि भांडावंही. आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की कामाची गरज किती आणि दिसतं किती, हे ताडून पाहणारी यंत्रणा त्या साठ्यात नव्हती.

आता आपल्या कार्यालयात येऊ. उदाहरणासाठी ॲटलासियन या कंपनीचं कॉन्फ्लुएन्स घेऊ, कारण त्यातले थर स्वच्छ दिसतात. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची त्याची जी डेटा सेंटर आवृत्ती आहे, तिच्याबद्दल मी बोलतो आहे. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आधी दिंडी दरवाजा, मग चौक, मग खोली. कॉन्फ्लुएन्समध्येही मुळात प्रणालीत पाय ठेवण्याची परवानगी पहिली. मग त्या-त्या विभागाची, म्हणजे 'स्पेस'ची परवानगी. आणि शेवटी एकेका पानावर लावलेलं बंधन. पानावरचं बंधन फक्त कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. ज्याला चौकातच प्रवेश नाही, त्याचं नाव खोलीच्या यादीत कितीही वेळा लिहिलं तरी तो आत येत नाही. अनेक ॲडमिन इथेच तासभर घालवतात. पानाच्या यादीत नाव घालतात, काढतात, पुन्हा घालतात. अडचण एक थर वर असते.

म्हणून शोध बाहेरून आत घ्यावा. माणूस लॉगिन करू शकतो का? त्या स्पेसचं मुखपृष्ठ त्याला उघडतं का? त्याच स्पेसमधलं दुसरं एखादं पान दिसतं का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील, तरच अडचण त्या पानाशी किंवा त्याच्या वरच्या पानांशी आहे.

'वरच्या पानांशी' हे मुद्दाम म्हटलं. कॉन्फ्लुएन्समध्ये पानांची उतरंड असते. पानाखाली पान, त्याखाली आणखी पान. एखाद्या पानावर 'कुणी पाहावं' याचं बंधन घातलं, की ते खालच्या सगळ्या पानांना लागू होतं. 'कुणी बदलावं' याचं बंधन मात्र या आवृत्तीत खाली उतरत नाही. हा फरक ठाऊक नसला की विचित्र घटना घडतात. समजा, रजेच्या नियमांचं पान आजवर सगळे वाचत होते. कुणीतरी चांगल्या हेतूने आवराआवर केली आणि ते पान 'मनुष्यबळ : अंतर्गत' या पानाखाली हलवलं. त्या वरच्या पानावर चारच लोकांना मुभा होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या कार्यालयासाठी रजेचे नियम नाहीसे. परवानग्यांना कुणीही हात लावलेला नसतो, त्यामुळे "आम्ही काहीच बदललं नाही" हे प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं. इथे शंभर लोकांना एकेक करून ॲक्सेस देणं हा उपाय नव्हे. पान परत जागेवर ठेवणं हा उपाय.

तक्रार तपासताना एक सापळा ॲडमिनच्या स्वतःच्या खात्यात असतो. तो पान उघडतो आणि म्हणतो, "माझ्याकडे तर दिसतंय." कॉन्फ्लुएन्सच्या या आवृत्तीत ॲडमिनिस्ट्रेटरांचा जो मूळचा गट आहे, त्याच्या सदस्यांना बंधन घातलेली पानंही दिसतात. ज्या खात्याला कुठलीच बंधनं लागू नाहीत, त्या खात्यातून बंधन तपासताच येत नाही. म्हणून तक्रार करणाऱ्याच्याच गटांत असलेलं एक साधं चाचणी-खातं प्रत्येक संस्थेने ठेवावं. शिवाय आता बऱ्याच प्रणालींत तपासणीची सोय असते. शेअरपॉइंटमध्ये 'चेक परमिशन्स' हे बटण दाबून माणसाचं नाव टाकलं, की त्याला कोणती परवानगी आहे आणि ती कोणत्या गटामार्फत आली हे कळतं. कॉन्फ्लुएन्सच्या डेटा सेंटर आवृत्तीत 'इन्स्पेक्ट परमिशन्स' आहे. सेटिंगची पानं उलटसुलट चाळण्याआधी ही साधनं वापरावीत.

पडद्यावर नेमकं काय आलं हेही विचारावं, आणि शक्य तर चित्र मागवावं. वेबच्या भाषेत ४०१ म्हणजे तुम्ही कोण हे सिद्ध झालेलं नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण मुभा नाही, ४०४ म्हणजे असं काही सापडलंच नाही. पहिल्या दोहोंत फरक मोठा आहे. ४०१ आला तर परवानग्यांकडे पाहूच नका, लॉगिनकडे पाहा. ४०४ मात्र फसवा असू शकतो. काही प्रणाली ज्याला मुभा नाही त्याला पान अस्तित्वात आहे हेही कळू देत नाहीत. गिटहबवर दुसऱ्याचं खासगी भांडार उघडायला गेलात तर 'सापडलं नाही' असंच उत्तर येतं. ते बरोबरच आहे. 'अमुक कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव' असं शीर्षक दिसणं हीसुद्धा माहिती फुटणंच आहे. पण ॲडमिनने त्यावरून 'पान डिलीट झालं' असा निष्कर्ष काढू नये.

यापुढचा भाग मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यात यंत्रापेक्षा माणूस जास्त आहे. प्रणाली माणसाला ओळखत नाही, खात्याला ओळखते. एकाच ब्राउझरमध्ये घरचं आणि कार्यालयाचं अशी दोन गूगल खाती उघडी असली, की ड्राइव्हची लिंक चुकीच्या खात्यातून उघडते आणि 'परवानगी मागा' असा फलक येतो. लिंक खासगी विंडोत उघडून योग्य खात्याने लॉगिन करायला लावलं, की असं प्रकरण जागेवर मिटतं. याहून गंभीर गोष्ट नाव बदलण्याची. आपल्याकडे लग्नानंतर पुष्कळ बायकांचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. मग कार्यालयाचा मेल-पत्ता बदलतो. साठा जर मेल-पत्त्यावरूनच माणूस ओळखत असेल, तर त्याच्या लेखी ती बाई आजच रुजू झालेली अनोळखी कर्मचारी असते. दहा वर्षं तिने लिहिलेली पानं जुन्या खात्याच्या नावावर, बंधनांच्या याद्यांमध्ये जुनं खातं, आणि तिच्या हाती कोरं नवं खातं. स्वतः लिहिलेल्या पानासाठी तिला परवानगी मागावी लागते. ही तांत्रिक किरकोळ गोष्ट नाही, हा अन्याय आहे, आणि तो टाळता येतो. एका लॉगिनवर अनेक प्रणाली चालवण्यासाठी ओपनआयडी कनेक्ट हे मानक वापरतात. त्यात प्रत्येक खात्याला कधीही न बदलणारी एक ओळखखूण दिलेली असते, आणि मेल-पत्त्याला कायमची ओळख मानू नका असं ते मानक स्पष्ट सांगतं. साठा जोडतानाच ती खूण वापरली, तर नाव कितीही वेळा बदललं तरी माणूस तोच राहतो.

परवानगी शक्यतो माणसाला नव्हे तर गटाला द्यावी, हे आता सर्वमान्य आहे. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२मध्ये भूमिकेनुसार प्रवेश ही कल्पना नीट सूत्रबद्ध केली. लेखापाल म्हणून जे दिसायला हवं ते 'लेखापाल' या भूमिकेला द्यायचं. माणूस बदलीवर गेला की भूमिकेतून बाहेर, त्याबरोबर परवानग्याही बाहेर. पण गटांचीही दुखणी असतात.

पहिलं दुखणं वेळेचं. गटात नाव घातलं तरी माणसाला पान दिसत नाही, ॲडमिन गोंधळतो आणि थेट परवानगी देऊन टाकतो. खरं तर बदल अजून पोचलेलाच नसतो. विंडोजवर माणूस कोणकोणत्या गटांत आहे याची नोंद लॉगिनच्या वेळी तयार होते. नंतर गटात घातलं तर एकदा लॉग आउट करून परत यावं लागतं. त्यामागच्या कर्बेरॉस पद्धतीतलं तिकीट, म्हणजे तात्पुरतं ओळखपत्र, साधारणतः १० तास चालतं. कॉन्फ्लुएन्स बाहेरच्या निर्देशिकेतून, म्हणजे खाती आणि गटांच्या मध्यवर्ती नोंदवहीतून, गट आणत असेल, तर मूळचं सेटिंग बदललं नसल्यास दर ६० मिनिटांनी ताजी यादी घेतं. तेव्हा गटात नाव घातल्यावर आधी ती यादी हाताने ताजी करा, माणसाला बाहेर पडून आत यायला सांगा, आणि मगच पुढचं पाहा. घाईने दिलेली थेट परवानगी तो माणूस गटातून गेल्यावरही मागे उरते.

दुसरं दुखणं चमत्कारिक आहे. वीस वर्षं नोकरीत असलेल्या, अनेक समित्यांवर काम करणाऱ्या माणसाचा ॲक्सेस एक दिवस अचानक जातो. कारण काय, तर तो फार गटांत आहे! मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा आयडी या ओळख-सेवेतून एसएएमएल पद्धतीने लॉगिन होतं तेव्हा लॉगिनसोबत येणाऱ्या ओळखपत्रात जास्तीत जास्त १५० गट मावतात. १५१वा गट आला की यादी ओळखपत्रातून गळते, आणि 'गट हवे असतील तर निर्देशिकेला विचारा' अशी फक्त खूण येते. साठ्याला ती खूण वाचता येत नसेल, तर त्याच्या दृष्टीने हा माणूस एकाही गटात नाही. नवख्याला सगळं दिसतं आणि ज्येष्ठाला काहीच नाही, अशी तक्रार आली तर गट मोजा.

गटात गट असणं हे तिसरं. 'पुणे कार्यालय' या गटात 'लेखा विभाग' हा गट घातला, पण साठ्यात गटातले गट वाचण्याची सोय सुरूच केली नाही, तर लेखा विभागातल्या कुणालाच काही मिळत नाही. इथे एक सेटिंग बदललं की काम होतं, म्हणून याबद्दल अधिक लिहीत नाही.

शेअरपॉइंटमध्ये वेगळ्या जातीची चूक होते. तिथे साइटची परवानगी खालच्या लायब्ररीला, फोल्डरला आणि फाइलला वारशाने मिळते. एखाद्या फोल्डरसाठी हा वारसा तोडता येतो. तोडल्या क्षणी वरच्या परवानग्यांची प्रत त्या फोल्डरवर उतरते, आणि तिथून पुढे वर परवानग्या कितीही बदलल्या तरी खाली कळत नाही. २०१९मध्ये कुणी वारसा तोडला असेल, तर आज साइटवर नव्याने दिलेल्या परवानग्या त्या फोल्डरपर्यंत पोचत नाहीत. उलट २०१९मध्ये थेट परवानगीने आत असलेली माणसं, पुढे वेगळ्या कामावर गेली तरी, तिथे आतच राहतात. एका तोडलेल्या वारशातून नकाराची चूक आणि मुभेची चूक अशा दोन्ही जन्माला येतात. तक्रार पहिलीची येते. ती सोडवताना दुसरी शोधून काढणं हे चांगल्या ॲडमिनचं लक्षण.

विकीची रीत याच्या अगदी उलट. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी खुली केली, तेव्हा गृहीतच असं होतं, की कुणीही वाचावं आणि कुणीही बदलावं. मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून याच रीतीवर चालतो. तिथे 'दिसत नाही' ही तक्रार जवळजवळ नसते. 'लिहिता येत नाही' ही असते. कारणं थोडीच असतात. पान सुरक्षित केलेलं आहे, खातं फार नवं आहे, किंवा तुम्ही ज्या अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेसवरून) आलात त्यावर दुसऱ्याच कुणाच्या खोडसाळपणामुळे बंदी आहे. प्रचालकांना, म्हणजे विकीच्या ॲडमिनना, बंदीच्या नोंदीवरून हे चटकन सांगता येतं. महाविद्यालयात विकीची कार्यशाळा घेणाऱ्यांनी तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. विकिमीडियाच्या प्रकल्पांवर एका अंकपत्त्यावरून २४ तासांत साधारण सहाच नवी खाती काढता येतात. वर्गातले सगळे संगणक एकाच अंकपत्त्यामागे असतात, त्यामुळे सातव्या विद्यार्थ्यापाशी कार्यशाळा थांबते. ही मर्यादा त्या दिवसापुरती शिथिल करून घेता येते, पण विनंती आधी करावी लागते.

काही संस्था फुकट आणि परिचित म्हणून मीडियाविकी आपल्या अंतर्गत साठ्यासाठी घेतात आणि त्यात काही पानं काही लोकांपासून लपवू पाहतात. तसं करू नये. पानागणिक वाचनबंदी हा मीडियाविकीच्या घडणीचा भागच नाही, असं तिचे निर्माते स्वतः सांगतात. एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानात ओढून घेता येतो, शोधात त्याचे तुकडे दिसू शकतात, निर्यातीतून तो बाहेर जाऊ शकतो. लपवायचंच असेल तर वेगळी विकी उभारा किंवा वेगळी प्रणाली निवडा.

तक्रार मिटली असं वाटलं, की दोन कामं उरतात. ज्याला दिसायला हवं त्याला दिसतं का, हे त्याच्याच खात्यातून पाहणं. आणि ज्याला दिसायला नको त्याला अजूनही दिसत नाही ना, हे चाचणी-खात्यातून पाहणं. दुसरं काम जवळजवळ कुणी करत नाही. त्यानंतर तिकिटावर 'ॲक्सेस दिला' एवढंच न लिहिता कोणत्या थरावर, कोणत्या गटाला, कुणाच्या सांगण्यावरून आणि कधीपर्यंत, हे लिहावं. पुढच्या ॲडमिनला त्याच ओळी लागणार असतात.

चुकून दिलेल्या मुभेच्या मुक्या बाजूला आता वाचा फुटते आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३मध्ये मोठ्या संस्थांसाठी कोपायलट हा आपला एआय सहायक खुला केला. तो विचारणाऱ्याला ज्या फाइली पाहण्याची मुभा आहे, त्यांतूनच उत्तर देतो. नियम मोडत नाही. पण पूर्वी चुकून उघडी राहिलेली पगाराची यादी फोल्डरांच्या सातव्या पातळीवर कुणाला सापडत नव्हती, ती आता 'आपल्याकडे पगार किती आहेत?' एवढ्या प्रश्नावर समोर येऊ शकते. परवानगी चुकीचीच होती. फक्त सापडण्याचे कष्ट संपले.

म्हणून तुमच्याकडे अशा एखाद्या साठ्याची जबाबदारी असेल, तर तक्रारीची वाट पाहू नका. 'सर्वांसाठी' खुल्या असलेल्या फोल्डरांची आणि वारसा तोडलेल्या जागांची यादी याच आठवड्यात काढा, आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या माहितीच्या मालकाकडून उत्तर घ्या : हे खरंच सगळ्यांना दिसायला हवं का? ज्या नोंदीला मालकच सापडणार नाही, तिथून सुरुवात करा.